खामख्वाह यावे

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक शब्द सगळे आपापल्या तऱ्हेनं लिहितात. थोरला चुलतभाऊ ‘खामखा’ लिहितो. वहिनी ‘खामखां’. काका ‘खामोखा’ लिहितात आणि तेच बरोबर आहे असं वर बजावतात. भाचीचं सगळं रोमन अक्षरांत चालतं, त्यामुळे तिला ऱ्हस्व-दीर्घाची काळजीच नाही. मी लिहायला घेतला की माझा फोन मला ‘खामगाव’ सुचवतो.

अर्थाबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. खामखा म्हणजे उगाच, विनाकारण. ‘खामखा भांडण वाढवू नको.’ ‘खामखा दोनशे रुपये गेले.’ परभणीच्या बाजारात, एसटी स्टँडवर, क्रिकेटच्या मैदानावर मराठी बोलणारे आणि उर्दू बोलणारे दोघंही तो सारख्याच सहजपणे वापरतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आमच्या गावात मिजास पुष्कळ आहे, पण शब्दांच्या बाबतीत आम्ही कधी सोवळं पाळलं नाही.

याच शब्दापायी आमच्या आत्याला सख्ख्या भावाच्या लग्नाला येता आलं नव्हतं.

गोष्ट 1974 सालची. आत्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासर पुण्याचं. इकडे परभणीत काकांचं लग्न ठरलं आणि आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मुलीच्या सासरी पोस्टकार्ड धाडलं. ते कार्ड आत्यानं अजून जपून ठेवलंय. निळी शाई, बारीक उभं अक्षर, वर ‘श्री’. तिथी, मुहूर्त, पाहुण्यांचं गाव, सगळं तपशीलवार. आणि शेवटची ओळ: ‘पत्रिका मागाहून येईलच. जावईबापूंसह खामख्वाह यावे.’

कार्ड उघडंच येतं. ते आधी सासऱ्यांनी वाचलं, मग सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘खामख्वाह’ या शब्दावर ते अडले, हसले, आणि म्हणाले, “तुझे वडील लिहितात, उगाच या. आता असं बोलावणं असेल तर कोण जाणार?” यात थट्टा किती आणि राग किती, हे आत्याला आजही सांगता येत नाही. तिला पाठवलं नाही एवढं खरं. आबांना वाटलं, पुण्याच्या लोकांना आमच्याकडे यायला कमीपणा वाटला. आत्याला वाटलं, बापाला आपण नकोसे झालो. दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही. आबा 1991 मध्ये गेले.

घरात या गोष्टीचा निकाल केव्हाच लागला होता: आबांचं मराठी कच्चं. लिहायचं होतं ‘अवश्य’, लिहून गेले भलतंच. त्यातही शब्द धड लिहिला नाही, मध्ये नसता ‘व’ घातला.

हा ‘व’ मला पुन्हा भेटला तो औरंगाबादला. शिकायला तिथे असताना मी काही महिने संध्याकाळी उर्दू लिपीच्या वर्गाला जायचो. एके दिवशी सरांनी फळ्यावर चार अक्षरं लिहिली. खे, वाव, अलिफ, बे. आम्ही मोठ्यानं वाचलं, “खवाब!” सर म्हणाले, “खाब. वाव लिहायचा, वाचायचा नाही.” फारशी व्याकरणात अशा मुक्या वावला नावही आहे, वाव-ए-मादूला. ख्वाब, ख्वाजा, ख्वाहिश या सगळ्यांत तो बसलेला असतो. लिहिताना तो सोडला तर चूक, वाचताना उच्चारला तर हसं.

मी विचारलं, वाचायचा नाही तर लिहायचा कशाला? उत्तर मला आवडलं. तो कधीकाळी वाचला जात होता म्हणून. जुन्या फारशीत तिथे खरोखरच ओठांचा गोल करून ‘ख्व’ म्हणत असत. कालांतरानं ओठ आळसावले, लेखणी आळसावली नाही.

आणि हा ‘ख्व’ आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृत आणि फारशी या एकाच मूळ घरातून निघालेल्या भाषा. संस्कृतात जिथे ‘स्व’ येतो, तिथे फारशीत पुष्कळदा ‘ख्व’ येतो. स्वप्नाचं ख्वाब. बहिणीला संस्कृतात स्वसृ, फारशीत ख्वाहर. स्वतःचं खुद, आणि ‘खुद’ लिहितानाही मध्ये वाव लिहावाच लागतो. म्हणजे आबांच्या पोस्टकार्डातला तो नसता ‘व’ फळ्यावरच्या ख्वाबमध्येही होता आणि आपल्या स्वप्नातही आहे.

त्याच आठवड्यात मी शब्दकोश उघडून बसलो. खामखाचं मूळ रूप ‘ख्वाह-मख्वाह’. ‘ख्वास्तन’ हे फारशी क्रियापद, अर्थ हवं असणं, मागणं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘ख्वाह’, आणि नकार लावला की ‘मख्वाह’. सरळ मराठीत सांगायचं तर: हवं म्हण, नको म्हण. हा नकाराचा ‘म’ म्हणजे संस्कृतातल्या ‘मा’चा भाऊ, ‘करू नकोस’ सांगणारा. आपण घाईत खामखा म्हणतो तेव्हा दोन्ही मुके वाव जातात, शेवटचा ‘ह’ जातो, आणि दोन शब्दांना जोडणारा हा म तेवढा मधोमध उरतो.

ख्वास्तनची पोरं मराठीत आणखीही आहेत. ‘दरखास्त’ त्यातली, म्हणजे मागणी, अर्ज. ‘तनखा’ही त्यातलाच: तन म्हणजे शरीर, आणि त्या शरीराला जे हवं ते, म्हणून तनख्वाह. संस्थानं खालसा झाल्यावर राजेलोकांना मिळायचा तो तनखा याच घराण्यातला. ‘बरखास्त’ मात्र या कुटुंबातला नाही, तो दाराशी उभा राहिलेला सारख्या चेहऱ्याचा माणूस आहे. त्यातलं ‘खास्तन’ वेगळं, त्याचा अर्थ उठणं, आणि त्यात वाव नाही. सभा बरखास्त झाली म्हणजे सभा उठली. नागरी लिपीत दरखास्त आणि बरखास्त अगदी जुळे दिसतात. फारशी लिपीत एका वावनं ते वेगळे पडतात. ज्या अक्षराला आवाज नाही त्याचाही उपयोग असतो, तो असा.

मग प्रश्न उरला अर्थाचा. ‘हवं म्हण, नको म्हण’ याचा ‘उगाच’ कसा झाला?

याला एक इंग्रजी जोडीदार आहे, ‘विली-निली’. आता फारसा ऐकू न येणारा शब्द, पण बांधणी हुबेहूब तीच. ‘विल’ म्हणजे इच्छा असणं. जुन्या इंग्रजीत त्याला नकार जोडून ‘निल’ व्हायचं, इच्छा नसणं. ते ‘निल’ भाषेतून गेलं आणि या जोडशब्दात अडकून राहिलं. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये पेट्रुशिओ कॅथरिनाला हेच ऐकवतो: तुझी इच्छा असो नसो, लग्न मी तुझ्याशीच करणार. पुढे 1859 मध्ये एडवर्ड फिट्झजेराल्डनं उमर खय्यामच्या रुबायांचं इंग्रजी रूपांतर केलं तेव्हा त्यानंही हा शब्द वापरला, तिथेही न विचारता या जगात आणून सोडलेल्या माणसाबद्दलच. लॅटिनमध्येही अशीच जोडी आहे, ‘नोलेन्स वोलेन्स’. माणसाला मनाविरुद्ध काही करावं लागणं ही गोष्ट इतकी सार्वत्रिक, की त्यासाठी ठिकठिकाणी होकार आणि नकार एकाच दोरीत बांधले गेले.

मजा पुढे आहे. इंग्रजीत विली-निली घसरत घसरत ‘कसंही, वाट्टेल तसं’ या अर्थाला आला. आपल्याकडे आणि उर्दूतही ख्वाह-मख्वाह घसरला तो ‘विनाकारण’पर्यंत. मला याचं कारण असं वाटतं. ‘तुझी इच्छा असो नसो, हे होणारच’ हे वाक्य हुकूम देणाऱ्याच्या तोंडी असेल तर त्याचा अर्थ ‘नक्की, अवश्य’ असा होतो. तेच ज्याच्यावर हुकूम बजावला जातो त्याच्या कानानं ऐकलं तर? मला विचारलं नाही, कारण सांगितलं नाही, तरी माझ्यावर आलं. म्हणजे उगाच. खालच्यांची संख्या नेहमीच जास्त, तेव्हा कोणता अर्थ टिकणार हे उघड आहे.

‘हकनाक’ पाहा. मूळ ‘हक-नाहक’, म्हणजे न्यायानं वा अन्यायानं. पुन्हा तीच होय-नाहीची जोडी. मराठीत ती झिजून हकनाक झाली, वाटेत नाकाशी तिचा काही संबंध नसताना नाक आलं, आणि न्यायाची बाजू गळून नुसता अन्याय राहिला. आपण वर्तमानपत्रात ‘हकनाक बळी’ वाचतो. हकनाक कुणाचं भलं झालं असं कधी वाचलंय? परभणीत हजरत शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे, दर फेब्रुवारीत त्यांचा मोठा उरूस भरतो. त्या नावातला ‘हक’ हाच. तुराब म्हणजे माती. सत्याच्या पायाची धूळ. एकाच शब्दाचं एक टोक दर्ग्यावर आणि दुसरं अपघाताच्या बातमीत.

हे शब्द आमच्याकडे आले कसे, याचा एक धागा परभणीपासून फार लांब नाही, पाथरीत आहे. पाथरी आज ओळखली जाते ती साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. पण इतिहासकार फरिश्ता सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो ती गोष्ट जास्त विलक्षण आहे. पाथरीच्या कुलकर्ण्यांचं एक घराणं विजयनगरकडे गेलं. त्या घरातला एक लहान मुलगा बहमनी सुलतान अहमदशाहाच्या फौजेच्या हाती लागला. त्याचं नाव तिमाप्पा, बापाचं नाव भैरव, भैरू. मुलाला गुलाम केलं, मुसलमान केलं, हसन नाव ठेवलं आणि राजपुत्राबरोबर फारशी-अरबी शिकायला बसवलं. लोक त्याला हसन भैरू म्हणत. राजपुत्राला ‘भैरू’ म्हणता येईना, तो ‘बहरी’ म्हणू लागला. बहरी म्हणजे बहिरी ससाणा, आणि पुढे हा हसन शाही ससाण्यांच्या खात्यावरच होता, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. याच मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद, ज्यानं 1490 मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी केली. पुढे नातू बुऱ्हाण निजामशहा यानं 1518 मध्ये वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी लढून घेतली, पूर्वजांचं गाव म्हणून.

एका कुलकर्ण्याच्या पोराचं हे फारशी शिक्षण. त्याला कुणी विचारलं नसणार, हवं का नको. शब्द पुस्तकातून आले असं आपण म्हणतो, पण कित्येकदा ते असे येतात: पोर उचललं जातं, नाव बदलतं, आणि त्या नव्या नावाचा उच्चारही दुसऱ्याच्या जिभेला जमेल तसा ठरतो.

शब्द काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतले शब्द चक्क मोजले होते. 1628च्या एका पत्रात शंभरात सुमारे 85 शब्द फारशी निघाले, 1728च्या पत्रात सहाच्या आसपास. मध्ये शिवकाळ होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झालेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे 1400 शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. विसाव्या शतकात सावरकरांनी तीच मोहीम पुन्हा चालवली. तारखेचा दिनांक झाला, नंबराचा क्रमांक. माधव जूलियन यांची गंमत तर सांगायलाच हवी. ते स्वतः फारशीचे प्राध्यापक, 1925 मध्ये त्यांचा फारशी-मराठी कोश निघाला, आणि तेच पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बदलली गेली ती बहुतेक नावं. पदांची, कचेऱ्यांची, कागदांची. पेशव्याला पंतप्रधान म्हणता येतं, कारण ते दरबारात ठरतं. क्रियाविशेषणं कुठल्या दरबारात ठरतात? फक्त, जरूर, बिलकूल, एकदम, हुबेहूब हे सगळे फारशी-अरबी वाटेनं आलेले, आणि यातला एकही न वापरता दिवस काढून दाखवा. शब्दांची झडती घेणारा खिसे तपासतो. बोलण्याची ढब कुठल्या खिशात सापडणार?

शिवाय ही मोजदाद स्वराज्याच्या प्रदेशातली. परभणी निजामाच्या हैदराबाद राज्यात होती, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. 1880च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांतून फारशी गेली आणि जागी उर्दू आली. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी मुलगा खालचे वर्ग मराठीत काढायचा आणि वर गेला की उर्दूत शिकायचा. त्यात मुलांना आणि आईबापांना काय हवं-नको ते कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. निजामाविरुद्धच्या लढ्यात मातृभाषेतून शिक्षण ही एक मोठी तक्रार होतीच.

पण बाजारात भाषांचं वेगळंच चालू होतं. दखनी बोलणाऱ्यांनी मराठीतून ‘नको’ उचलला आणि त्याचा ‘नक्को’ केला. ‘ऐसाच’, ‘यहींच’ मधला ‘च’ही आपलाच. मराठीनं ‘नको’ दिला आणि ‘हवं-नको’ घेतला, असा हा सौदा. हैदराबादचे प्रसिद्ध दखनी विनोदी कवी गौस मोहियोद्दीन अहमद यांनी तर टोपणनावच ‘खामखा’ घेतलं होतं. ते 2017 मध्ये वारले. क्रियाविशेषणाला आडनाव करणारा दुसरा कवी मला माहीत नाही.

आबा याच शाळेतले. चौथीपर्यंत मराठी, पुढे सगळं उर्दूत. पाढे ते मरेपर्यंत उर्दूत म्हणत, मनातल्या मनात, ओठ हलवत. 1948 नंतर काही वर्षांतच त्यांचं शिक्षण कुठल्याही कचेरीत न चालणारं झालं. मग जन्मभर मानवतच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजल्या. नव्या राजवटीत त्यांना शुद्ध मराठी लिहायची हौस, आणि सवय उर्दूची.

उर्दू कोशात ख्वाह-मख्वाहचे अर्थ पाहिले तर ‘विनाकारण’च्या बरोबरीनं जुना अर्थ आहेच: इच्छा असो नसो, काही झालं तरी, नक्की. आबांनी शाळेत तो शिकला असणार. त्यांना म्हणायचं होतं, अडचण सांगू नका, सासू नाही म्हणेल, रजा नाही म्हणतील, ते काही न ऐकता या. ‘अवश्य’पेक्षा जोरदार शब्द त्यांनी शोधला होता. आणि लिहिताना पहिल्या ‘ख’ला ‘ख’च ठेवला, दुसऱ्याला मात्र ‘ख्व’ केलं, शेवटी ‘ह’ही ठेवला. ज्याला हा शब्द फक्त कानानं माहीत आहे तो ‘खामखा’ लिहील. ‘ख्वाह’ लिहायला तो डोळ्यांनी पाहिलेला लागतो. घरात ज्याला आम्ही पन्नास वर्षं शुद्धलेखनाची चूक म्हणत आलो, ती आबांच्या शाळेची खूण होती.

गेल्या महिन्यात मी आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, “काही झालं तरी ये, असं लिहिलं होतं त्यांनी?”

“हो आत्या.”

“नक्की ना? का मला बरं वाटावं म्हणून?”

मी म्हटलं, कोशाच्या पानाचा फोटो पाठवतो. ती म्हणाली, “पाठव, पण मला ती लिपी येत नाही. तू वाचून दाखव.” मग थोड्या वेळानं, “त्या वर्षी मी माहेरची वाट बघत चार दिवस बॅग भरून ठेवली होती रे.”

रात्री तिनं पोस्टकार्डाचा फोटो ग्रुपवर टाकला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून काढलेला. खाली लगेच काकांचा मेसेज आला: ‘आबांनी स्पेलिंग चुकवलंय. खामोखा पाहिजे.’